शेळके साहेबांची दोन फुटांची टाकी

मी जन्मभर माशांची घरं बांधली आणि एकही मासा पाळला नाही. लोकांना याचं नवल वाटतं. पण पाळणे करणारा सुतार काय प्रत्येक बारशाला जातो का? माझा धंदा काचेचा. छावणीच्या बाजारात आमचं छोटं दुकान. फोटोला फ्रेम, खिडकीला काच, देव्हाऱ्याला आरसा आणि जोडीला माशांच्या टाक्या. आजोबा कारकून, वडील कारकून, म्हणजे घराण्यात कागदापेक्षा जड काही कुणी उचललेलं नव्हतं. मी काच धरली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "बोटं कापून घेशील." घेतली. दहातलं एक बोट असं नाही ज्यावर खूण नाही. पण माझ्या हातची टाकी कधी गळली नाही, हे मी या वयातही छातीवर हात ठेवून सांगतो.

आता दुकान मुलगा बघतो. तो सरकत्या खिडक्या करतो, त्यात बरकत आहे. मी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजतो, आणि कुणी टाकीचं नाव काढलं की कान टवकारतो.

टाकी म्हणजे काय, तर पाच काचा. खाली एक, पुढं-मागं दोन, बाजूंना दोन. खिळा नाही, स्क्रू नाही, फ्रेम नाही. नुसत्या सिलिकॉनच्या जोरावर त्या एकमेकींना धरून उभ्या राहतात आणि दोन फुटी टाकीचं पन्नास-पंचावन्न लिटर पाणी पोटात ठेवतात. बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसतात, म्हणून त्या दोन्ही काचांच्या जाडीइतक्या आखूड कापायच्या. घरी टाकी करू पाहणारे दहातले नऊ लोक इथंच चुकतात आणि मग "तुम्ही काच कमी-जास्त दिली" म्हणून माझ्याशी भांडायला येतात. भांडण झालं की मी त्यांना चहा देतो आणि पट्टी देतो. चहा पिऊन होईपर्यंत त्यांचं त्यांनाच कळलेलं असतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकाला टाकी ईशान्येलाच हवी होती आणि त्याच्या घरात ईशान्येला संडास होता. दुसऱ्या एका बाईंनी दिवाळीच्या साफसफाईत टाकीही काढली. टाकी साबणानं घासली, वाळू धुऊन गच्चीवर उन्हात घातली, मासे नळाच्या ताज्या पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळे मासे पोट वर करून. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या काचेत काहीतरी विषारी आहे." मी म्हणालो, "वहिनी, काच तीच आहे, घाण तेवढी गेली. माशांना थोडी घाण लागते." पुढचे दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण आज सांगायचंय ते शेळके साहेबांबद्दल. गोष्ट अगदी अलीकडची आहे.

शेळके साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. मूळ शेतकरी घरातले, फर्दापूरच्या बाजूचे. आता गारखेड्यात मुलाजवळ राहतात. मुलगा वाळूजच्या कंपनीत, सून मीनाक्षी शाळेत गणित शिकवते. एका सकाळी साहेब दुकानात आले आणि काउंटरवर आलेख कागदाची गुंडाळी पसरली. मला वाटलं धरणाचा नकाशा. होता दोन फुटी टाकीचा. वरून कसं दिसतं, समोरून कसं दिसतं, मधून कापलं तर कसं दिसतं, सगळं काढलेलं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा.

"महाराज," ते म्हणाले. आमच्याकडे जोशी-कुलकर्ण्यांना अजून असं म्हणतात. "तुमी फक्त काच कापून द्या. बांधणार मी."

मी मापं तपासली. बाजूच्या काचा दोन्हीकडच्या जाडीइतक्या बरोबर आखूड. मनात म्हटलं, हा माणूस नऊंतला नाही, दहावा आहे. मग नजर वरच्या काठाकडे गेली. तिथं एक खाच दाखवली होती.

"हे काय, साहेब?"

"सांडवा."

"माशांच्या टाकीला सांडवा?"

"जास्तीचं पाणी आलं तर काढून द्याया नको?"

"साहेब, आपल्याकडं आठव्या दिवशी नळ येतो. पूर कुठून येणार?"

साहेबांनी थोडा विचार केला, खिशातून पेन्सिल काढली आणि सांडव्यावर काट मारली. मग त्या काटेशेजारी बारीक सही केली, कारण नकाशात बदल केला की सही करायची असते म्हणे.

मी म्हणालो, टाकी मीच बांधून देतो, दोन तासांचं काम. ते एकदम गंभीर झाले. "नाय, महाराज. ऐका. नोकरी लागल्यावर एका पाझर तलावावर मी रोज जायचो. तिथं एक मजूर बाई होती. एक दिवस पाटी खाली ठिवून मला म्हणली, सायेब, तलाव तुमीच बांधायलात म्हणत्यात, मंग तुमच्या हाताला माती कशी लागत नाय? मी हसलो तवा. पण रिटायर झाल्यापासून ते वाक्य लई डोक्यात बसलंय. कितीतरी कामं केली, सगळी सह्या करून. एक तरी गोष्ट पाणी धरणारी माझ्या हातानं व्हावी. तलाव तर आता व्हत नाय. टाकी तरी व्हईल."

मी हिऱ्याची कणी काढली आणि पाच काचा कापल्या. काठ घासून दिले. सिलिकॉन कोणतं घ्यायचं ते सांगितलं, कारण मोरीत वापरतात त्यात बुरशीचं औषध असतं, ते माशांना चालत नाही. काठ स्पिरिटनं पुसा, सिलिकॉनची धार एका दमात ओढा, बसवल्यावर हात लावू नका, दोन दिवस सुकू द्या, मग खाली वर्तमानपत्र घालून पाणी भरून बघा. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मुद्दे क्रमांक टाकून.

आठवडाभरानं दुकानात फोन आला. बाईचा आवाज.

"काचवाले जोशी का? शेळक्यांची सून बोलतेय. टाकीची काच तुम्हीच दिली ना? मग या आणि बघा."

मी स्कूटर काढली. दार उघडंच होतं. हॉलभर पाणी, सोफ्याचे पाय ओले, चादरी जमिनीवर पसरलेल्या. मीनाक्षी साडीचा पदर खोचून फडकं पिळत होती, आणि पिळलेलं पाणी बादलीत जमा करत होती, संडासाला वापरायला. आमच्या गावात सांडलेलं पाणीही कुणी फेकत नाही. साहेब भिंतीला टेकून उभे, एखाद्या चौकशी समितीपुढं उभं असावं तसे.

"काका," मीनाक्षी म्हणाली, "नळ येऊन आज तिसरा दिवस. पुढचा नळ पाच दिवसांनी. आणि बाबांनी ड्रममधलं पंचावन्न लिटर पाणी काढून टाकीत भरलं. मी शाळेत असताना. आता त्या पंचावन्न लिटरची फरशी झालीय. मी मुलांना हौदाची गणितं शिकवते, काका. एक नळ हौद भरतो, एक नळ रिकामा करतो. आता घरी आल्यावरही तेच का?"

साहेब पुटपुटले, "चाचणी घ्यायाच लागते. लिहून घेतलंय मी."

"चाचणी नळाच्या दिवशी घ्यायची असते, बाबा."

ही चूक आमच्याच गावचा माणूस करू शकतो आणि आमच्याच गावात ती एवढी महाग पडते. बाकी शहरात टाकी गळली तर फरशी पुसतात. इथं घर पाच दिवस कोरडं.

मी टाकी पाहिली. रिकामी, पण काम वाईट नव्हतं. धार जरा वाकडीतिकडी, पण भरपूर. मग गळली का? मी मीनाक्षीकडे तांब्याभर पाणी मागितलं. तिनं दिलं, पण आधी तांब्यात किती आहे ते वाकून बघितलं. मी टाकीखाली कोरडं वर्तमानपत्र सरकवलं आणि पाणी ओतलं. थोड्या वेळानं मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब उतरला. कागदावर पसरला. आणि त्या ओल्या डागाच्या कडेला गुलाबी वर्तुळ उठलं.

इतक्या वर्षांत मी गळती खूप पाहिली, पण गुलाबी गळती पहिल्यांदाच. नखानं कोपऱ्यातलं सिलिकॉन उचललं तर ते दुधावरच्या सायीसारखं अलगद निघालं. काचेला धरलंच नव्हतं. खाली लालसर तेलकट डाग. बोटाला चोळला, हुंगला. तिळाचं तेल. बाकीचे कोपरे तपासले, तर प्रत्येक काचेच्या एका काठाला हाच डाग.

"घरात कुणी पूजा केली होती का?" मी विचारलं.

"मी नाही केली," मीनाक्षी म्हणाली. "आणि बाबा तर देवळात जात नाहीत. आम्ही आत जातो, ते बाहेर चपला राखतात."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्यांची वाळत घातलेली गोधडी तेवढी होती.

"बाबा?"

"व्हय," साहेब म्हणाले. "मीच लावलं. हळद-कुंकू."

मीनाक्षीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

साहेब गोधडीकडेच बघत बोलले. "आमच्या खात्यात कुठलंबी काम भूमिपूजनाबिगर निघत नाय. पण कुदळ पुढाऱ्यानं मारायची, नारळ पुढाऱ्यानं फोडायचा. मी मागं छत्री धरून उभा. एकदाबी माझ्या हातानं पूजा झाली नाय. म्हणलं हे माझं काम हाय, ह्याचं भूमिपूजन मी करणार. देवावर इश्वास नाय माझा, पण ह्या कामावर व्हता. सकाळी तुमी सगळे गेल्यावर पाची काचांना हळद-कुंकू लावलं. कोरडं कुंकू उडून जात व्हतं, म्हणून तेलात कालवलं. नंतर रुमालानं पुसलं. स्पिरिट आणायचं राहिलं व्हतं." मग त्यांनी आणखी एक कबुली दिली. "नारळ फोडला नाय. काच व्हती ना समोर."

मीनाक्षीनं कपाळाला हात लावला. मला हसू दाबणं इतकं जड गेलं की खोकल्याचं निमित्त करून मी दाराबाहेर जाऊन आलो. परत आलो तेव्हा तीही तोंडावर पदर धरून उभी होती.

पण ती गणिताची बाई. हसून झाल्यावर हिशेब मांडलाच. "एक संधी. पुढच्या नळाच्या दिवशी, नळ चालू असताना भरायची. तेव्हा गळली तर काचा काकांनी परत न्यायच्या आणि बाबांनी पेपर वाचत बसायचं. टाकीचं नाव काढायचं नाही."

साहेबांनी मान हलवली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला खरंच वाईट वाटलं. तो माणूस पेपर वाचत बसला असता, आणि दोन वर्षांत म्हातारा झाला असता.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, पूजा हत्याराची करायची, कामाची नाही. दसऱ्याला मी माझ्या काच कापायच्या हिरकणीला कुंकू लावतो. काचेला लावत नाही." हे त्यांनी लिहून घेतलं. क्रमांक आठ.

मग काम सुरू झालं. टाकी ब्लेडनं सोडवायची आणि जुन्या सिलिकॉनचा कण न् कण खरवडायचा, कारण नवीन सिलिकॉन जुन्याला धरत नाही. हे काम माझ्या दुकानात मी कुणालाही देत नसे, इतकं कंटाळवाणं. साहेबांनी दोन दिवस बसून केलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. अट अशी होती की मी बघायचं, बोलायचं, पण हात लावायचा नाही. पुन्हा चिकटवायच्या दिवशी तर मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसलो. साहेबांनी आधी सिलिकॉनच्या बंदुकीला कुंकवाचं बोट लावलं, हात साबणानं धुतले, स्पिरिटनं पुसले आणि धार ओढायला घेतली. मध्येच धार तुटली. माझ्या बोटांना कोण खाज सुटली म्हणून सांगू. एका मिनिटात मी ते सरळ केलं असतं. मनात एक पापही आलं होतं: दुकानात याच मापाची एक टाकी तयार असतेच, साहेब झोपले की बदलून टाकावी. कुणाला कळलं असतं? पण मग ती मजूर बाई मलाच विचारायला आली असती.

तुटलेली धार त्यांनी पुसून पुन्हा ओढली. काचा बसवल्या. दोन दिवस त्यांच्या बोटांना सिलिकॉन चिकटलेलं होतं, निघता निघेना. खरं तर ते काढतच नव्हते. शेजारच्या पेन्शनर मंडळींना हात पुढं करून दाखवत होते.

नळाच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याकडे. दुपारी पाणी आलं. आधी पिण्याचं, मग ड्रम, मग बादल्या, आणि सगळ्यात शेवटी मीनाक्षीनं पाइप साहेबांच्या हातात दिला. टाकी भरली. खाली कोरडं वर्तमानपत्र. साहेब समोर खुर्ची टाकून बसले. मी घरी गेलो, पण जीव तिथंच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा मीनाक्षी गुडघ्यावर बसून टाकीखालून वर्तमानपत्र ओढत होती. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, हातानं चाचपलं.

"कोरडं," ती म्हणाली, आणि शाळेला निघून गेली.

वाळू टाकली, दोन रोपं लावली. पाणी आणखी काही दिवस तसंच राहू दिलं, म्हणजे त्यातलं क्लोरीनचं औषध उडून जातं. बाहेरच्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं, आमच्या गावाला नाही. इथं सगळेच शिळं पाणी पितात, मासेही पितील. मग साहेबांनी सहा गप्पी मासे आणून सोडले.

यानंतरच्या एका आठवड्यात नळ आलाच नाही. कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली होती. आठवा दिवस गेला, नववा गेला. दहाव्या दिवशी मी टाकीचं काचेचं झाकण द्यायला गेलो, काठ घासून आणायचं कबूल केलं होतं. गल्लीच्या टोकाला टँकर लागला होता आणि कळशांची रांग होती. घरात मीनाक्षी ओल्या फडक्यानं भांडी पुसून ठेवत होती, धुवायला पाणी नव्हतं. ड्रम आडवा केलेला. आणि हॉलमध्ये, काठोकाठ भरलेल्या टाकीशेजारी, साहेब प्लास्टिकची नळी आणि बादली घेऊन उभे होते. मला बघून ओशाळले.

"अर्धी काढतो," ते म्हणाले. "मासे खाली ऱ्हातील. वरच्या पाण्यात भांडी तरी निघतील."

आतून आवाज आला. "बाबा, नळी खाली ठेवा."

"अगं, पंचवीस-तीस लिटर सुटंल."

"मला माहितीय किती सुटेल. खाली ठेवा."

तेवढ्यात शेजारच्या बाई दारात आल्या. हातात रिकामी बादली. टाकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "एवढं पाणी ठिवलंय की गं शोभेला. आज तरी वापरा."

मीनाक्षी हात पुसत बाहेर आली. दोन रिकाम्या कळशा एका हातात धरल्या. "ते वापरायचं पाणी नाही, मावशी," ती म्हणाली. "टाकी आमच्या बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलीय. चला, रांगेत उभं राहू." आणि मावशींचा दंड धरून त्यांना घेऊन जिना उतरून गेली.

साहेब तसेच उभे. हातात नळी. मासे वर येऊन तोंड हलवत होते.

मग साहेबांनी नळी गुंडाळून ठेवली आणि खुर्चीत बसले. "महाराज," ते म्हणाले, "मला हल्ली जरा कमी ऐकू येतं. सून काय म्हणली जाताना?"

त्यांचे कान अगदी ठणठणीत आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आणखी एकदा सांगा."